किल्लारीनंतर कोण घरी गेलं?



३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन आटोपून गावं झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्यांवर कोसळलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. बहुतेक घरं शेतकऱ्यांची.

तेव्हा भारतीय जैन संघटनेच्या शांतिलालजी मुथ्थांनी तिथली सुमारे १२०० मुलं पुण्याला आणली. वाघोलीला त्यांच्या राहण्याची, शिक्षणाची सोय झाली. हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण गावात मागे राहिलेल्या मोठ्या माणसांचं काय झालं, हे क्वचित विचारतो.

५२ गावं नव्या जागी वसली. भूकंपात टिकणारी घरं मिळाली. पण अनेक ठिकाणी रस्ते रुंद, घरं ओळीत, शेत लांब. पूर्वी ओट्यावर बसल्या बसल्या एकीचं दुखणं दुसरीला कळायचं. आता ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

ज्या गावांत घरं दुरुस्त करायची होती, तिथे मात्र वेगळं घडलं. हजाराहून अधिक गावांत प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमलं. घरोघर जायचं, अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बळकट करायची ते सांगायचं. उंबऱ्याआडची बाई इंजिनियरशी बोलू लागली. जिने स्वतः सोसलं, तीच दुसरीच्या दारात जाऊन बसली. मन सावरायला याहून मोठं औषध कोणतं?

२०१५ मध्ये वाघोलीच्या त्याच आवारात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं आली. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने सोलापूर-धाराशिवची शेतं खरवडून नेली. संकटं बदलतात, मागे राहिलेली बाई तीच असते.

घरात कुणी गेलं की आपण भेटायला जातो. पीक गेलं की मात्र धान्याचं पाकीट पाठवून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, वर्षाची ज्वारी, तूर ज्या घरून येते, तिथे जाऊन बसा. झोप लागते का, जेवण जातं का, विचारा. उत्तर ऐकून काळजी वाटली तर १४४१६ हा सरकारचा ‘टेली मानस’ क्रमांक द्या. तिथे मोफत बोलता येतं, मराठीतही. पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

आणि येताना तिच्या हातच्या शेवया, पापड घ्या. मदत म्हणून नव्हे, रास्त मोल देऊन.