विकलेले परत घ्यावे का?

दुकानात गल्ल्याच्या वर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. 'आज रोख, उद्या उधार' ही तिची सख्खी बहीण! या पाट्या वाचत मोठे झाल्यामुळे आपल्याला वाटते की माल परत घेणे ही ऑनलाइन कंपन्यांनी काढलेली टूम आहे. आपल्या बापजाद्यांच्या काळी विकले म्हणजे विकले. प्रत्यक्षात परतीचा नियम फार जुना आहे.

हा विषय सुचण्याचे कारण असे की हल्ली घरातली जुनी वस्तू फोटो काढून विकणे सोपे झाले आहे. पाळणा, सायकल, मिक्सर, पुस्तके... वस्तू कुरिअरने जाते, पैसे खात्यात येतात आणि चार दिवसांनी निरोप येतो, "वस्तू परत घ्या, पैसे पाठवा." नव्या वस्तूच्या बाबतीत हा प्रश्न त्या मानाने सोपा. जुन्या वस्तूत झीज असतेच. मग कोणती झीज दोघांनी धरून चाललेली आणि कोणती झाकलेली, हे ठरवायचे कोणी? मंडळी, माणूस या प्रश्नाशी निदान पावणेचार हजार वर्षे झगडतो आहे.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातले २७८ वे कलम पाहा. गुलाम विकत घेतला आणि महिन्याच्या आत त्याला 'बेन्नू' नावाचा आजार जडला, तर त्याला विकणाऱ्याकडे परत करावे आणि दिलेली चांदी परत घ्यावी. इथे क्षणभर थांबायला हवे. ही 'वस्तू' म्हणजे माणूस आहे. परतीचे जुने नियम पुष्कळसे माणसांच्या आणि जनावरांच्या बाजारात घडले, आणि ज्याची देवघेव चालली होती त्याला कोणी काही विचारले नाही. आपल्याकडचे ग्रंथही याला अपवाद नाहीत. तेव्हा या नियमांतली अक्कल घ्यावी, पण त्यांचे गोडवे गाताना जीभ जरा आवरावी.

आपल्या धर्मशास्त्रात खटल्यांचे जे अठरा विषय मानले आहेत, त्यांत खरेदी-विक्रीनंतरचा पश्चात्ताप हा एक स्वतंत्र विषय आहे. त्याला 'क्रयविक्रयानुशय' असे भारदस्त नाव आहे. अनुशय म्हणजे मागाहून लागणारी चुटपुट. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची चर्चा सापडते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात विकणारा आणि घेणारा अशा दोघांनाही मन बदलायला दहा दिवस दिले आहेत. कौटिल्याने धंद्याप्रमाणे मुदत ठरवली: व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. चतुष्पाद जनावरांसाठी मात्र तीन पंधरवडे, आणि त्याचे कारणही तो देतो: जनावर चांगले की खोडीचे हे कळायला तेवढा काळ लागतोच. म्हणजे परतीची मुदत ही दोष उघडा पडायला लागणाऱ्या वेळेवर बेतायची. बैल विकत घेतलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे पटेल. बाजारात दात बघता येतात. औताला जुंपल्यावर तो बसकण मारतो की नाही हे रानातच कळते.

जुन्या वस्तूंच्या दृष्टीने सगळ्यांत बारीक विचार नारदस्मृतीत आहे. घेतलेली वस्तू महाग पडली असे वाटले तर त्याच दिवशी, जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याची. पारखण्यासाठी दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्ने-मोती-पोवळ्यांना सात, लोखंड आणि कापड यांना एकच दिवस. पण पारख करून, पसंत करून घेतले असेल तर परत नाही. पुढे तर थेट आपलाच विषय येतो. वापरून जीर्ण झालेले, मळके वस्त्र घेतले, आणि घेतानाच ते तसे होते, तर ते विकणाऱ्याला परत करता येत नाही. लगेच वापरलेल्या कपड्याच्या घसाऱ्याचा हिशेबही दिला आहे: पहिल्या धुण्यात किंमत आठव्या भागाने उतरते, दुसऱ्यात पावपट, तिसऱ्यात एक तृतीयांश आणि चौथ्यात निम्मी!

हे वाचताना मला दारावर येणाऱ्या बोहारणी आठवल्या. आतून येणारी प्रत्येक साडी त्या उजेडासमोर धरत. कुठे विरली आहे, कुठे रफू आहे, काठ जरीचा की नुसताच, हे त्या डोळ्याने आणि बोटाने वाचत. मग एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस! पण एकदा साडी गाठोड्यात आणि पातेले स्वयंपाकघरात गेले की ती पुन्हा तक्रार घेऊन आल्याचे कोणाला आठवते का? पुण्याच्या जुन्या बाजारातही हाच न्याय. नारदाचा नियम तिथे नकळत पाळला जात होता, कारण वस्तू हातात होती.

पण जो दोष हाताला लागत नाही त्याचे काय? रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे एडाइल नावाचे अधिकारी होते. गुलाम आणि जनावरे विकणाऱ्याने दोष आधी सांगितलेच पाहिजेत असा त्यांचा हुकूम होता. न सांगितलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला दोन वाटा होत्या: सहा महिन्यांच्या आत वस्तू परत करून पैसे घेणे, किंवा वर्षाच्या आत वस्तू ठेवून किंमत कमी करून घेणे. ही दुसरी वाट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यावरच्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचा वाद दिला आहे. सदोष घर विकणाऱ्याने दोष सांगावेत की नाही? अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजेत. डायोजेनीस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे सांगावे. न बोलणे म्हणजे फसवणे नव्हे. सिसेरोने कौल पहिल्याच्या बाजूने दिला.

इंग्लंडमध्ये मात्र वारे वेगळे होते. १६०३ च्या एका प्रसिद्ध खटल्यात एका सोनाराने विषावर उतारा म्हणून मानला जाणारा एक खडा (आपल्याकडे जहरमोहरा म्हणत त्या जातीचा) शंभर पौंडांना विकला. खडा तो नव्हताच. तरी घेणारा हरला. कारण सोनाराने 'हा तो खडा आहे' असे म्हटले होते, 'हमी देतो' असे म्हटले नव्हते! घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हे तत्त्व तिथे असे रुजले. पुढे ते पुष्कळ मवाळ झाले आणि त्या मवाळ रूपात १९३० च्या माल विक्री अधिनियमातून आपल्याकडे आले. त्यातले १५ वे कलम सांगते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे.

आता ऑनलाइन विक्रीत नेमके काय बदलले ते पाहा. बोहारणीचा हात आणि डोळा गेला. घेणारा पारख करतो ती वस्तूची नव्हे, तुमच्या चार ओळींची आणि तीन फोटोंची. तेव्हा 'बघून घेतले होते ना?' हा विकणाऱ्याचा जुना बचाव इथे लंगडा पडतो. १९९५ मध्ये अमेरिकेत पियरे ओमिड्यार यांनी जो लिलाव सुरू केला, ज्याचे पुढे ईबे झाले, त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे त्यांचा मोडका लेझर पॉइंटर. १४.८३ डॉलरला गेला. मोडका आहे हे कळले ना, असे त्यांनी घेणाऱ्याला विचारले, तर तो मोडकेच पॉइंटर जमवणारा निघाला! दोष आधी सांगितला की मोडकी वस्तूसुद्धा वादाशिवाय विकली जाते, याचे इतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण हे नियम नियमित धंदा न करणाऱ्या, स्वतःची एखादी वस्तू विकणाऱ्या माणसाला लागू नाहीत. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याला उरतो तो १९३० चा कायदा आणि आपली सदसद्विवेकबुद्धी.

आमच्या शेजारच्या मुलीने वडिलांच्या मागे त्यांचा जुना फिल्मचा कॅमेरा विकला. वर्णनात 'चालू स्थितीत' एवढेच लिहिले होते. घेणाऱ्याने कळवले की भिंगात बुरशी आहे, परत घ्या. ती बिचारी रडकुंडीला आली. पैसे बारशाला खर्च झालेले, आणि समोरचा वडिलांच्या वस्तूला खोटे म्हणतो याचे दुःख वेगळेच. आम्ही दोघांनी बसून जुनेच तीन प्रश्न विचारले. दोष पाठवताना होता का? (बुरशी चार दिवसांत वाढत नाही, होताच.) घेणाऱ्याला दिसण्यासारखा होता का? (फोटोत नाही.) तिने सांगितला होता का? (तिलाच ठाऊक नव्हता.) तिचा हेतू स्वच्छ होता, पण तोटा घेणाऱ्याने का सोसावा? तिने फोटो मागवले, शांतपणे उत्तर लिहिले आणि रोमच्या दोन्ही वाटा पुढे ठेवल्या: वस्तू परत आल्यावर, पाहून, पूर्ण पैसे आणि परतीचे कुरिअर तिच्याकडे, किंवा कॅमेरा ठेवा आणि भिंग साफ करण्याचा खर्च किमतीतून परत घ्या. त्याने दुसरी वाट पत्करली.

उत्तर उलटे आले असते, म्हणजे दोष सांगितलेला असता किंवा घेणाऱ्याचे नुसते मन बदलले असते, तर नकार देण्यात काही गैर नव्हते. तोही गोडीने देता येतो. नारदासारखा थोडा भाग कापून वस्तू परत घेतली तर ती मेहेरबानी, देणे नव्हे. आणि प्रत्येक तक्रार खरी नसते. वस्तू बदलून पाठवणारेही असतात. म्हणून पाठवण्याआधी वस्तूचे, तिच्यावरच्या क्रमांकाचे आणि बांधणीचे फोटो काढून ठेवावेत.

पण खरी मेख त्याच्याही आधी आहे. परतीचा वाद ज्या दिवशी उभा राहतो त्या दिवशी तो मिटवणे अवघड असते. तो मिटतो जाहिरात लिहितानाच. वस्तूचे गुण आपण हौसेने लिहितो. त्याखाली दोषांची एक ओळ लिहावी: कुठे पोपडा आहे, काय अडकते, काय आपण तपासलेले नाही. किंमत दहावीस रुपयांनी उतरेल कदाचित. पण ती ओळ वाचून जो घेईल, त्याच्या आणि आपल्यामध्ये पुढे कोणाला न्याय करावा लागणार नाही.