एका पायावरची साक्ष

माझी खाला पहिल्या बाळंतपणासाठी शेंद्र्याला नानीच्या घरी आली, तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. बाळंतपण घरीच झालं, दाईच्या हातून. बाळ दणकट होतं, सगळे खूश. पण खालाला कूस बदलता येईना. चालू लागली ती बदकासारखी डुलत. सलवार घालायची ती बाजेवर बसूनच; एका पायावर उभी राहिली की कळ यायची. मोठी माणसं म्हणायची, "बाईची जात, दुखणारच." औरंगाबादेत १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय होतं. त्याचं 'घाटी' रुग्णालय साऱ्या मराठवाड्याला ठाऊक. पण तिला तिथं न्यावं, हे आमच्या घरात कुणालाच सुचलं नाही.

कंबरेच्या हाडांचं कडं पुढे जिथं जुळतं, तिथं कूर्चेचा एक सांधा असतो. त्याला जघनसंधी म्हणतात. त्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटरची. गरोदरपणात ती दोन-तीन मिलिमीटरने वाढते, बाळाच्या वाटेसाठी निसर्गाने केलेली ती सोय. क्वचित मात्र सांधा जास्तच उघडतो. फट दहा मिलिमीटरच्या पुढे गेली, की सांधा सुटला असं डॉक्टर समजतात.

आपल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. पण जिवंत माणसाचं हाड डोळ्यांनी पाहण्याचा मार्ग तेव्हा कुठल्याच डॉक्टरकडे नव्हता. नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीत राँटगेनना क्ष-किरण सापडले. त्यांनी टिपलेल्या पहिल्या छायाचित्रांपैकी एक त्यांच्या पत्नीच्या हाताचं होतं; हाडांवर अंगठी स्पष्ट दिसते.

तरी एक अडचण होती. आडवं निजवून फोटो काढला, तर सैल सांधा कधीकधी ठीकठाक दिसतो. १९३० साली चेंबरलेन या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञाने एक साधा उपाय मांडला. रुग्णाला आधी एका पायावर उभं करायचं, मग दुसऱ्या. दोन्ही वेळा फोटो घ्यायचा. सांधा सैल असेल तर एक बाजू वर, दुसरी खाली सरकलेली दिसते. हे वाचलं तेव्हा मला बाजेवर बसून सलवार घालणारी खाला आठवली. तिचं शरीर रोज सकाळी तीच परीक्षा देत होतं; पाहणारं कुणी नव्हतं.

१९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी गर्भावर पडणाऱ्या क्ष-किरणांचा लहानपणीच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. म्हणून गरोदरपणी हा फोटो शक्यतो टाळतात. बाळंतपणानंतर ती भीती नाही. अंगावरचं दूधही थांबवावं लागत नाही. सोनोग्राफीतही फट मोजता येते. बहुतेक बायका विश्रांती, कंबरपट्टा आणि व्यायामाने बऱ्या होतात.

पण मंडळी, फट किती आणि दुखणं किती, यांचा हिशेब दरवेळी जुळत नाही. म्हणून फोटो हा दुसरा साक्षीदार. पहिली साक्ष बाळंतिणीची. घरात कुणी म्हणाली, "मला कूस बदलता येत नाही," तर आधी तिचं ऐका आणि तिला डॉक्टरकडे न्या. आमच्या खालाचं ऐकायचं राहून गेलं.