मळ्याचे मस्टर आणि पणजोबांचे गाव

आपल्यापैकी किती जणांना आपल्या पणजोबांचे नाव सांगता येईल? आणि त्यांचे मूळ गाव? कामगारांच्या बैठकींत आम्ही हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे. आजोबांपर्यंत बहुतेक जण पोचतात. पणजोबांपाशी आले की सभा गप्प होते.

वंशावळ ही वाडेवाल्यांची गोष्ट, आपल्याला तिचे काय, असा आमचाही एके काळी समज होता. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे वह्या आहेत, त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात, हे खरे. पण ज्याला यात्रेचा खर्च झेपला त्याचे नाव त्या वहीत चढले. ज्याला देवळाच्या पायरीपाशीच अडवले, किंवा ज्याच्या गाठी यात्रेपुरता पैसाच नव्हता, त्याचे नाव कोणी लिहावयाचे? आपल्या वऱ्हाडात त्याचे उत्तर आहे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी देई आणि ती सरकारी दप्तरात लिहिली जाई. आज नातवाच्या जातपडताळणीसाठी त्याच नोंदीची नक्कल मिळवावी म्हणून माणसे तहसील कचेरीत खेटे घालतात. सरकारने ही नोंद आपल्या कारभारासाठी ठेवली, गरिबाच्या कुळाची आठवण राहावी म्हणून नव्हे. तरी आठवण राहिली ती तिच्यातच.

हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर कोठे घडला असेल, तर तो समुद्रापलीकडे, मॉरिशस बेटात. तेथल्या मराठी कुटुंबांची कथा आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

मॉरिशस हे उसाचे बेट. 1810 साली इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून घेतले. 1835 साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना मजूर कोठून आणावे ही चिंता पडली. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याचे 36 मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले होते. पुढे 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय माणसे या बेटावर गेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली कुणबी, मराठा, महार अशी कष्टकरी माणसे होती.

येथे कोणी विचारील, यात वऱ्हाडचे लोक का दिसत नाहीत? आम्हांला याचे कारण कापसात दिसते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. मागोमाग जिन आणि प्रेस उभे राहिले. कोकणचा माणूस पोटासाठी जहाजावर चढत होता, त्या काळात वऱ्हाडात उलट बाहेरून मजूर येत होते. आज अकोल्या-अमरावतीच्या कामगार वस्त्यांतही बाहेरून आलेल्यांची नातवंडेच पुष्कळ आहेत. म्हणून मॉरिशसची कथा आपल्याला परकी नाही.

मजूर बोटीतून उतरला की त्याला धक्क्यावरील कोठारात नेत. त्या धक्क्याला पुढे आप्रवासी घाट हे नाव मिळाले, आणि 2006 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. तेथे कारकून रजिस्टर उघडून बसे. मजुराला एक क्रमांक मिळे. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज आणि मळा. 1860 नंतरच्या दशकापासून छायाचित्रही निघू लागले. करार पाच वर्षांचा; पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापावयाचा, अशी तेथील रीत होती. करार संपलेल्या मजुरालाही 1867 च्या कायद्याने छायाचित्राचे तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसले तर शिपाई धरून नेई.

या जुलमाविरुद्ध जो गोरा माणूस उभा राहिला तो जर्मन वंशाचा, पॅरिसमध्ये जन्मलेला अ‍ॅडॉल्फ द प्लेव्हिट्झ. तो स्वतः सासऱ्याचा मळा पाहणारा. 1871 साली त्याने करार संपलेल्या 9,401 मजुरांचा अर्ज गव्हर्नरला दिला. मळेवाले इतके खवळले की त्याच्यावर हल्ला झाला. परंतु अर्ज व्यर्थ गेला नाही. 1872 साली राजाज्ञेने चौकशी आयोग नेमला गेला. त्यातील एक सभासद विल्यम एडवर्ड फ्रीयर मुंबई इलाख्यात नोकरी केलेले होते. 1875 च्या अहवालाने मजुरांच्या तक्रारी खऱ्या ठरवल्या आणि 1878 साली नवा मजूर कायदा आला. ज्यांना धड सही करता येत नव्हती अशांनी नऊ हजारांवर नावे गोळा केली! आम्ही अर्जांवर सह्या आणि अंगठे जमवण्यात उमर घालवली आहे; त्या आकड्यामागे किती रात्री गेल्या असतील, याचा आम्हांला अंदाज येतो.

करारी मजुरीची प्रथा मोडण्यात आपल्या मराठी पुढाऱ्याचाही वाटा आहे. 1910 साली नामदार गोखल्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात नाताळकडील मजूरभरती बंद करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. 1912 साली ती प्रथा सर्वत्र बंद व्हावी असा त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला. अखेर 1917 साली ही भरती थांबली.

मजूर रजिस्टरे मॉरिशसमध्येच राहिली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती जतन केली आहेत. आज मॉरिशसचा मराठी माणूस तेथे जाऊन पूर्वजाच्या नोंदीची नक्कल मागू शकतो. पण वाट सोपी नाही. आपल्याकडे माणसाचे नाव असते ते तिकडे आडनाव झाले. तेथील मंत्रिपदे भूषवलेल्या शीलाबाई बापू यांचे आडनावच पाहा. मूळ आडनाव कारकुनाने बहुधा लिहिलेच नाही. गावाचे नाव त्याने कानाला लागेल तसे उतरले. त्या काळी इंग्रजीत रत्नागिरीसुद्धा 'रुटनाघेरी' अशी लिहीत. म्हणून शोध घेणारा आधी आपला, मग बापाचा, मग आजोबाचा जन्मदाखला किंवा लग्नाचा दाखला काढतो. असे एकेक पाऊल मागे जाताना दाखल्यात क्रमांक सापडतो. क्रमांकावरून जहाज आणि जहाजावरून गाव. सरकारी कचेरीने माणसावर नजर राहावी म्हणून जो क्रमांक दिला, तोच चौथ्या पिढीला घरी पोचवतो.

मग मजुरांनी स्वतः काय जपले? ज्या गावाची स्पेलिंग बिघडली त्या गावची जाखडी ते तेथे नाचत राहिले. गणपती बसवीत राहिले. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. शाळांतून मराठी शिकवली जाते. रजिस्टरात गाव होते, पण गाणे नव्हते. ते त्यांनी तोंडी नेले.

आता घरची गोष्ट. आपल्याकडची एक गिरणी बंद पडल्यावर एका जुन्या बदली कामगाराच्या देण्याचा हिशेब निघाला. त्याचे काम अठरा वर्षांचे. मस्टर मागितले, तर ते रद्दीत गेले होते. त्याच्या बायकोने पत्र्याच्या पेटीत नऊ वर्षांच्या पगारचिठ्ठ्या दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. तेवढी नऊ वर्षे धरली गेली. उरलेली नऊ वर्षे तो माणूस कोठेच नव्हता असे ठरले. परदेशी सरकारचे दप्तर दीडशे वर्षे टिकले, आणि आमच्या डोळ्यांदेखतचे वीस वर्षे टिकले नाही. यात दोष आमचाही आहे. आम्ही पगारवाढीसाठी भांडलो, बोनससाठी भांडलो. मस्टर जपा म्हणून कधी भांडलो नाही.

म्हणून विनंती एवढीच की, घरी गेल्यावर पेटी उघडा. पगारचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीची पावती, शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जे असेल ते एका पिशवीत घाला. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्याजवळ बसून बापाचे, आजाचे, आजीचे नाव आणि गाव विचारा आणि वहीत लिहा. आजीचे विशेष करून विचारा, कारण तिचे नाव फारसे कोणी लिहून ठेवलेले नसते. पुढे तुमचे नातू कोठे जातील हे आज कोणी सांगावे! त्यांनी आपले गाव शोधावयाचे ठरवले, तर त्यांना मालकाच्या दप्तरावर अवलंबून राहावे लागू नये.