द्रवानं जागा भरते, प्लेटलेटचं काम होत नाही

तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. पाणी मात्र जातं मुंबईला. शहापूर-मुरबाडचा हृदयरोगीही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तिकडेच निघतो. शहापूरकर आसनगावला लोकल पकडतो, मुरबाडकर एसटीनं कल्याण गाठतो. रुग्णालयात नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी पडते. रक्त आणा, प्लेटलेट आणा. मंडळी, हे एवढं कशासाठी?

मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीनं पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं, तेही अशाच यंत्राच्या आधारानं.

या यंत्राच्या नळ्या रिकाम्या ठेवून चालत नाही. शरीरात हवा जाईल. सुरुवातीला त्या दात्यांच्या रक्तानं भरत. पुढे द्रव वापरात आले. पण साधं सलाइन रक्तवाहिन्यांतून लवकर झिरपतं, अंगाला सूज येते. म्हणून वाहिनीत टिकणारे द्रव निघाले: डेक्स्ट्रान, जिलेटिन आणि मक्या-बटाट्याच्या स्टार्चपासून केलेले.

इथेच अडचण होती. पाहुणे वाढले, की आमटीत पाणी वाढवतात. तसं रक्त पातळ झालं, की प्लेटलेट, म्हणजे जखम बुजवणाऱ्या सूक्ष्म चकत्या, विरळ होतात. नळ्यांच्या संपर्कानं त्या थकतात. त्यात स्टार्च त्यांना एकमेकींना नीट धरू देत नाही. मग रक्तस्राव थांबत नाही.

जर्मनीतले डॉ. योआखिम बोल्ट या स्टार्चचे मोठे पुरस्कर्ते. यंत्रात स्टार्च भरण्यावरचा त्यांचा २००९ सालचा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. २०११ मध्ये आणखी ऐंशीहून अधिक. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला, की अशा हृदयशस्त्रक्रियेत स्टार्चमुळे जादा रक्तस्राव होऊ शकतो.

द्रवाची बाटली कारखान्यात बनते, प्लेटलेट माणसाच्याच अंगात. बाटलीबंद द्रव महिनोन्‌महिने टिकतो. प्लेटलेट साधारण पाचच दिवस. रक्त घेतल्यावर काही तासांतच त्या वेगळ्या कराव्या लागतात. म्हणून जयंतीला एकच मोठं शिबिर भरवून वर्षभराची सोय होत नाही. गावानं रक्तगटासह दात्यांची यादी ठेवावी आणि पाळीपाळीनं रक्त द्यावं. म्हणजे चिठ्ठी हातात पडेल, तेव्हा परक्या शहरात धावाधाव करावी लागणार नाही.