चाकरमानी बाप : कोकणातील एका कौटुंबिक रिवाजाचा इतिहास

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो घरांत शंभराहून अधिक वर्षे एकच रीत चालू होती. बाप मुंबईत नोकरीला असे आणि मुले गावी आई-आजीच्या हाताखाली वाढत. बाप वर्षातून एकदोनदा येई, काही दिवस राही आणि पुन्हा निघून जाई. गावात त्याला चाकरमानी म्हणत. मराठी घरातील बापाविषयी लिहिताना एकत्र कुटुंबातला करडा, थोरांदेखत स्वतःच्या मुलाला मांडीवर न घेणारा बाप हटकून आठवतो. ते चित्र मुख्यतः पांढरपेशा घरांतल्या आठवणींनी आणि कादंबऱ्यांनी रूढ केले. चाकरमान्याच्या मुलांना बाप करडा की मायाळू हे कळायलाच फार वर्षे लागत, कारण तो घरातच नसे. त्याचे हे दूर राहणे स्वभावातून आलेले नव्हते. त्यामागे जमीन, मजुरी आणि मुंबईतली जागा यांचे रोकडे गणित होते.

सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी डोंगराळ आहे. पाऊस भरपूर पडतो, पण भाताची खाचरे लहान आणि वरकस जमीन जास्त. नाचणी-वरीवर वर्षाचे काही महिने निघत, उरलेल्या महिन्यांसाठी धान्य विकत घ्यावे लागे. त्यात खोतीची पद्धत होती. खोत सरकारला सारा भरी आणि कुळांकडून पिकाचा मोठा वाटा घेई. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. कायदा मात्र १९४९ साली झाला. तोवर भावाभावांत वाटण्या होऊन खाचरांचे तुकडे पडत राहिले. घरातल्या एकाने तरी बाहेर पडून रोख पैसा आणल्याशिवाय चूल पेटत नसे. आधी ही वाट पलटणींकडे जात होती. कापडगिरण्या सुरू झाल्यावर ती मुंबईकडे वळली.

कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. १९२०च्या दशकात मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांत दीड लाखाच्या जवळपास कामगार राबत होते. त्यांत रत्नागिरीकरांचा भरणा मोठा होता. १९२१ च्या शिरगणतीनुसार मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक जण शहराबाहेर जन्मलेले होते आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. गिरणगाव म्हणजे मुख्यतः बायकामुले गावी ठेवून आलेल्या पुरुषांची वस्ती होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत कोकणातल्या बायकाही काम करत. त्यांत विधवा आणि टाकलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. बाकीच्या संसारांत नवरा गिरणीत आणि बायको शेतात अशी वाटणी पक्की झाली होती.

गिरणीचा पगार एका माणसाच्या पोटापुरता असे. मुले वाढवणे, म्हाताऱ्यांना सांभाळणे, आजारी माणसाची शुश्रूषा, कामगार थकल्यावर त्याला दोन घास घालणे, यातले काहीही त्या पगारात धरलेले नव्हते. तो सगळा भार गावाने, म्हणजे गावातल्या बायकांनी उचलला. १८९६ च्या प्लेगमध्ये माणसे जीव घेऊन गावाकडे पळाली. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने टिकला तेव्हाही असंख्य कामगारांनी कोकणातच आसरा घेतला. मुंबईच्या कापडधंद्याच्या भरभराटीचे श्रेय गिरणीमालकांच्या धडाडीला देण्याची रीत आहे. त्या श्रेयातला मोठा वाटा कोकणातल्या खाचरांत चिखल तुडवणाऱ्या आयांचा आहे, आणि तो कुठल्याही ताळेबंदात मांडला गेला नाही.

बिऱ्हाड मुंबईला नेणे बहुतेकांना परवडत नसे. चाळीतल्या एका खोलीत दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त माणसे असत. एका गावची माणसे मिळून खोली घेत आणि भाडे वाटून देत. प्रत्येकाची पत्र्याची पेटी, वळकटी आणि खुंटी एवढीच मालमत्ता. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एकाने उठून कामाला जायचे आणि दुसऱ्याने तीच जागा झोपायला घ्यायची, हे नित्याचे होते. जेवण खाणावळीत होई; खाणावळवाली बहुधा एखाद्या कामगाराची बायको किंवा विधवा असे आणि हिशेब महिन्याच्या पगाराला चुकता होई. अशा खोलीत तान्हे मूल आणणे शक्यच नव्हते.

बाप आणि मूल यांच्यात मग टपालखाते उभे राहिले. पाव आण्याचे पोस्टकार्ड १८७९ साली निघाले आणि १८८० पासून टपाल कचेरीतून मनीऑर्डर करता येऊ लागली. पगार झाला की कामगार पोस्टासमोर रांग लावत. लिहिता न येणाऱ्यांचे फॉर्म दुसरे कोणी भरून देई. मनीऑर्डर बायकोच्या नावाने क्वचित निघे; ती वडिलांच्या, आईच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाने जाई, कारण घरचा व्यवहार त्यांच्या हाती असे. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती जागा होती. त्या ओळींत घरपट्टी भरा, बैलाचे पैसे द्या, भातबियाणे आणा असे सांगून झाले की शेवटी ‘मुलांस आशीर्वाद’ एवढेच मावे. पत्रातही तोच क्रम. आरंभी वडीलमंडळींना शिरसाष्टांग नमस्कार, मग शेतीची विचारपूस, मग गावातल्या कोणाची काय खबर, आणि मुलाचा उल्लेख तळाशी. थोरांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या बायकामुलांची आस्था उघड दाखवणे गैर समजले जाई. शिवाय पत्र लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. गावात ते पोस्टमन, मास्तर किंवा शाळेत जाणारा एखादा मुलगा मोठ्याने वाचून दाखवी. चारचौघांत वाचले जाणारच असलेल्या पत्रात माणूस मनातले किती लिहिणार? या पत्रांचा कोरडेपणा पाहून बापांना माया नव्हती असे ठरवणे चूक आहे.

पोस्टमन पैसे मोजून देई, आजीचा अंगठा घेई, साक्षीदाराची सही घेई आणि मजकुराचा तुकडा फाडून घरात देई. पुष्कळ घरांत हे तुकडे तारेत ओवून ठेवलेले असत. मुलांच्या लेखी बाप म्हणजे महिन्याला येणारा हा कागद. अमुक महिन्यात कागद आला नाही तर घरात बोलणे कमी होई, दुकानदाराचा सूर बदले, आणि मुले काही न विचारता ते ओळखत.

बाप प्रत्यक्ष येई तो शिमग्याला, मे महिन्यात लग्नकार्याला किंवा गणपतीला. उघडिपीच्या दिवसांत प्रवास आगबोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे जाई. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे, तेव्हा घाटावरून वळसा घालून यावे लागे. बंदरापासून गाव चार-पाच कोस असेल तर पेटी डोक्यावर घेऊन चालत जायचे. पेटीत आईसाठी लुगडे, मुलांसाठी खाऊ आणि शाळेसाठी पाटी किंवा कापड असे. दोन-तीन वर्षांचे मूल या अनोळखी माणसाला बघून आजीच्या पदराआड लपे. ते जवळ यायला लागे तोवर बापाचे परतायचे दिवस येत. जाताना पेटीत तांदूळ, कुळथाचे पीठ, सोले, सुकी मासळी भरली जाई.

ही रजा फुकटाची नव्हती. भरपगारी वार्षिक रजेचा हक्क कारखान्यांतील कामगारांना १९४५ च्या दुरुस्तीने आणि मग १९४८ च्या कायद्याने मिळाला. त्याआधी गावी गेलेल्या दिवसांचा पगार बुडे. परत येईपर्यंत मुकादमाने जागेवर दुसरा बदली लावला तर नोकरीही जाई. पुन्हा रुजू होण्यासाठी मुकादमाचा हात ओला करावा लागे. मुलांना भेटण्याची अशी रोख किंमत मोजणाऱ्या माणसाला बेफिकीर म्हणता येणार नाही. मूल जन्मले तरी ती बातमी कार्डाने समजे. पहिले बाळंतपण आईच्या माहेरी, पुढली सासरी. बाप दोन्हीकडे गैरहजर. कित्येकांनी आपले मूल पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते रांगत होते. काहींच्या वाट्याला तेही आले नाही, कारण देवी, पटकी आणि हिवताप यांनी मधल्या काळात ते नेलेले असे.

गावात मुलांचे वाढणे शेतीच्या कामांत मिसळलेले होते. भाजावळीसाठी पालापाचोळा गोळा करणे, तरवा काढणे, लावणीच्या दिवसांत धाकट्या भावंडाला बांधावर सांभाळणे, गुरे राखणे ही कामे सहा-सात वर्षांपासून अंगावर पडत. मुलगी असेल तर तिचे शिक्षण पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत थांबे. मुलगा हुशार निघाला तर व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत पोहोचे, आणि त्यानंतर मास्तरकी किंवा मुंबई. शिस्त आईची किंवा चुलत्याची. बापाचे नाव धाक घालण्यापुरते वापरले जाई. पत्रात कळवीन, एवढे आईने म्हटले की पुरे होई.

मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की बाप त्याला मुंबईला घेऊन जाई. बापलेकांनी खऱ्या अर्थाने एकत्र राहायला सुरुवात होई ती इथे, मूलपण संपताना. त्याच खोलीत बापाशेजारी वळकटी पडे, त्याच खाणावळीत पान मांडले जाई, आणि मुकादमाकडे रदबदली करून बदली म्हणून नाव लागे. काही मुले दिवसा काम करून रात्रशाळेत जात. बाप कसा बोलतो, कोणापुढे वाकतो, कशाला घाबरतो हे मुलाला आता जवळून दिसे.

दूर राहणाऱ्या बापाकडे जाणाऱ्या मुलांची सर्वांत बोचरी हकीकत आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांचे घराणे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. वडील रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि १९०१ साली खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. आई वारलेली, मुले साताऱ्यात आत्याजवळ. सुट्टीत वडिलांना भेटायला निघाल्याचे पत्र त्यांनी पाठवले आणि नव्या कपड्यांत, मोठ्या हौसेने आगगाडीने मसूरला उतरली. घ्यायला कोणीच आले नव्हते, कारण पत्र रामजींच्या शिपायाकडे पडून राहिले होते. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले त्यांना नेईनात. अखेर दुप्पट भाड्यावर, गाडी स्वतः हाकायची या बोलीवर एक जण तयार झाला. रात्रभर मुलांना कोणी पाणी दिले नाही. इतर चाकरमान्यांच्या मुलांना बाप आणि घर यांत फक्त अंतर होते. या मुलांना त्या अंतरात अस्पृश्यताही आडवी आली.

पुढे रामजी मुलांना घेऊन मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. जागा इतकी अपुरी की मुलाने लवकर झोपावे, बापाने रात्री दोनपर्यंत जागे राहावे, मग मुलाला अभ्यासाला उठवून आपण अंग टेकावे, अशी व्यवस्था होती. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की ते लग्न झालेल्या मुलींकडून उसने घेत किंवा त्यांचे दागिने गहाण ठेवत. एका खोलीत राहूनही मुलाला शिकवणारा बाप कसा असतो, याचे याहून ठळक उदाहरण मराठी समाजाच्या इतिहासात क्वचित सापडेल.

गिरणगावातला दुसरा बाप गंगाराम सुर्वे. या गिरणीकामगाराने रस्त्यावर टाकलेले तान्हे मूल उचलून घरी आणले, त्याला आपले नाव दिले आणि चौथीपर्यंत शिकवले. निवृत्त होऊन कोकणात परतताना त्याने मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. इथे कोकणात परतला तो बाप आणि मुंबईत उरला तो मुलगा.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटू लागले. पगाराला महागाईभत्त्याची जोड मिळाली, भाडेनियंत्रणामुळे खोलीचे भाडे आवाक्यात राहिले, आणि अनेकांनी बायकामुले मुंबईला आणली. चाळीत वाढणाऱ्या या पिढीला बाप रोज दिसू लागला, पण पाळीच्या वेळापत्रकाप्रमाणे. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा त्याच एका खोलीत झोपे. आई मुलांना गॅलरीत काढी, स्टोव्हचा आवाज होऊ नये म्हणून स्वयंपाक आधीच उरकून घेई, आणि मुले हळू आवाजात खेळायला शिकत. या बापांची एक इच्छा जवळजवळ सारखी होती: मुलाने गिरणीत येऊ नये. बँक, रेल्वे, बेस्ट, महापालिका, कुठेही चालेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. मुलांच्या शाळा सुटल्या, बायकांनी पोळीभाजी आणि घरकाम पत्करले, काही पोरे टोळ्यांच्या नादी लागली. अनेक कामगार कायमचे गावी परतले. सणापुरता येणारा माणूस आता बारा महिने पडवीत बसलेला दिसू लागला, तोही रिकाम्या हाताने. मुले तोवर मोठी झालेली होती, घरचे निर्णय आईने घ्यायचे हे ठरून गेले होते. या परतलेल्या बापांची कोंडी संपाच्या इतिहासात फार थोडी नोंदली गेली. युनियन, मालक आणि सरकार यांच्यावर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशही नाही.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबई एका रात्रीवर आली. कागदी फॉर्मची जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. बाप आता रोज फोनवर दिसतो, गणपतीच्या आरक्षणासाठी महिनोन्‌महिने आधी धडपडतो. गिरण्यांच्या जागी कार्यालये आणि मॉल आले, तरी कोकणातून कामासाठी बाहेर पडणे थांबलेले नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२० हून अधिक स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातल्या सर्व जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते.