धुराड्यातली पोरं आणि ८७ वर्षांचे कायदे

गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘कायदा तर आहे’ आणि ‘गल्ली अरुंद, यंत्र जात नाही’. ही दोन्ही वाक्ये इंग्लंडमध्ये आपल्या कितीतरी आधी बोलून झाली आहेत. तिथे गटाराच्या जागी धुराडे होते.

थंडीचा मुलूख. घरोघरी दगडी कोळशाची आग आणि धूर वर नेणारे धुराडे. काजळी साचली तर धुराडेच पेट घेते, म्हणून ते झाडणे भाग. नळी कधी जेमतेम नऊ इंच रुंद, त्यात वाकडीतिकडी. मोठा माणूस मावेना, मग सहा-सात वर्षांचे पोर आत चढवायचे. ही पोरे गरिबांची, अनाथ. ‘शिकाऊ’ म्हणून ती मालकाच्या हवाली होत. गुडघे-कोपरे सोलून निघाली की कातडी निबर व्हावी म्हणून मिठाचे पाणी चोळत. घाबरून अडकलेल्या पोराखाली पेंढा पेटवत. या कामगारांच्या वृषणाच्या कातडीला होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ सालीच लिहून ठेवले होते. म्हणजे ‘माहीत नव्हते’ हा बहाणाही नाही.

पहिला कायदा १७८८ चा: आठ वर्षांखालचे पोर ठेवू नये. तपासायला कुणी नाही, म्हणून कागदावरच राहिला. १८०३ मध्ये जॉर्ज स्मार्टने पोकळ दांड्यांचा लांब ब्रश बनवला. यंत्र आले! तरीही १८१७ च्या संसदीय समितीनंतर आलेले विधेयक उमरावांच्या सभागृहाने अडवले. जुनी धुराडी यंत्राने साफ होत नाहीत, म्हणे. धुराडी कुणाची होती, हे सांगायला नको. १८४० मध्ये २१ वर्षांखालच्यांना चढवण्यावर बंदी आली, १८६४ मध्ये शिक्षा कडक झाली, आणि पोरे चढतच राहिली.

फेब्रुवारी १८७५. केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथील मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून बाहेर काढला, पण वाचला नाही. मालक विल्यम वायरला सदोष मनुष्यवधासाठी सहा महिने सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरींनी नवा कायदा मंजूर करून घेतला. त्यात नवे काय? प्रत्येक मालकाने पोलिसांकडून दरवर्षी परवाना घ्यायचा आणि अंमलबजावणी पोलिसांनी करायची. पोरे चढवायची तर धंदाच धोक्यात. तेव्हा कुठे ही प्रथा मोडली. ब्रश तर ७२ वर्षे तयारच होता.

आज तिथे धुराडे साफ करणारा यंत्र घेऊन येतो, प्रमाणपत्र दाखवतो आणि दाम घेऊन जातो. त्याचा मुलगा तेच करील असे कुणी धरून चालत नाही. इथे बाबासाहेबांनी दाखवलेला श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक आठवावा. ब्रूस्टर गरिबीमुळे नळीत गेला. आपला माणूस मॅनहोलमध्ये जातो तो जातीमुळेही. म्हणून नुसती तुलना करून आपले भागत नाही.

आपल्याकडे १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूसाठी १० लाख भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाई सरकारी तिजोरीतून जाते, ठेकेदार पुढच्या निविदेला हजर. तुमच्या शहरात असा मृत्यू झाला तर एफआयआरची प्रत मागा. २०१३ च्या कायद्याची कलमे ७ आणि ९ त्यात आहेत का, आणि ठेकेदाराचे नाव आहे का, ते आधी बघा.