पिकतं तिथेच विकतं

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या ब्रिटनमध्ये स्वतःची बिअर स्वतःच बनवून विकणारे जुने पब उरले होते अवघे चार. कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा ‘ब्लू अँकर’, श्रॉपशरमधल्या बिशप्स कॅसलचा ‘थ्री टन्स’, मेडलीचा ‘ऑल नेशन्स’ आणि बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला नेदरटनचा ‘ओल्ड स्वान’. या शेवटच्या पबच्या मालकीणबाई डोरिस पारडो. त्यांनी तो इतकी वर्षं चालवला की पाटीवरचं नाव मागे पडलं आणि लोक त्याला ‘मा पारडोज’ म्हणू लागले. जिथे गल्लोगल्ली पब, त्या देशात असे फक्त चार. पुण्यात किंवा बंगळुरूत शनिवारी संध्याकाळी ज्या ब्रूपबमध्ये बसायला जागा मिळत नाही, त्याच्या घराण्याची इंग्रजी शाखा तेव्हा जवळजवळ वठली होती.

घराणं मात्र फार जुनं. बिअर करणारा एक आणि विकणारा दुसरा, ही वाटणीच अलीकडची आहे. इसवी सनपूर्व १७५० च्या सुमाराच्या हम्मुराबीच्या संहितेत गुत्तेवालींसाठी वेगळी कलमं आहेत. बिअरच्या मोबदल्यात धान्य नाकारून चांदीच मागणारी आणि वर मापात मारणारी गुत्तेवाली दोषी ठरली, तर तिला पाण्यात फेकावं, असं त्यातलं एक कलम सांगतं. ‘गुत्तेवाली’ हे स्त्रीलिंग इथे मुद्दाम वापरलं आहे. बॅबिलोनमध्ये हा धंदा बराचसा बायकांच्या हाती होता, आणि पुढे मध्ययुगीन इंग्लंडमध्येही. तिथे घरच्यासाठी एल, म्हणजे त्या काळची बिअर, करायची, उरलेली शेजाऱ्यांना विकायची आणि विकायला आहे हे कळावं म्हणून दाराबाहेर काठीला झाडपाला किंवा केरसुणी बांधायची. १२६६-६७ च्या सुमाराच्या एका कायद्याने एलचा भाव धान्याच्या भावाशी बांधून टाकला आणि गावोगाव चव घेऊन दर्जा ठरवणारे अधिकारी नेमले जाऊ लागले. सरकारी पगारावर पिण्याची ही नोकरी नंतरच्या शतकांत बंद पडली, याचं दुःख अनेकांना झालं असावं.

त्या काळी एल जिथे होई तिथेच विकली जाई, यात परंपरेचं प्रेम वगैरे काही नव्हतं. हॉप्स न घातलेली एल काही दिवसांत आंबट होई. ती गाडीवर घालून दुसऱ्या गावाला नेणार कशी? पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने हॉप्सची बिअर इंग्लंडमध्ये रुळली आणि हे बदललं. हॉप्सच्या फुलातली कडू द्रव्यं जंतूंना आवरतात, बिअर टिकते. टिकली की प्रवास करते, आणि प्रवास करू लागली की मोठा कारखाना परवडतो. अठराव्या शतकातलं लंडन पोर्टर नावाच्या काळसर बिअरवर वाढलं. तिची पिंपं इतकी अवाढव्य झाली की १७ ऑक्टोबर १८१४ रोजी म्यूक्स कंपनीच्या हॉर्स शू ब्रूअरीतलं एक पीप फुटलं तेव्हा शेजारची घरं कोसळली आणि आठ जण दगावले. त्यानंतर रेल्वे आली. १८७० च्या दशकात कार्ल लिंडे यांची शीतयंत्रं आली. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी यीस्टची शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. उन्हाळ्यात बिअर बिघडण्याची जी भीती लहानमोठ्या सगळ्यांना होती, ती मोठ्यांपुरती संपली.

तरीही छोट्यांचा खरा घात यंत्रांनी केला नाही. तो मालकीने केला. १८३० मध्ये ब्रिटिश संसदेने दोन गिनी भरणाऱ्या कुठल्याही करदात्याला बिअर करायची आणि विकायची मुभा दिली होती. हजारो बिअरघरं उघडली. पुढे परवाने आवळले गेले तसे कारखानदारांनी पबच विकत घ्यायला सुरुवात केली. आपल्या पबमध्ये आपलीच बिअर, दुसऱ्याची नाही. या ‘टाइड हाऊस’ पद्धतीत पबवाल्याने तळघरात स्वतःची भट्टी लावण्याचा प्रश्नच उरला नाही.

मध्य युरोपात हा धागा एवढा तुटला नाही. प्रागमधला ‘उ फ्लेकू’ आपला इतिहास १४९९ पर्यंत नेतो आणि तिथे आजही घरची काळी लागर मिळते. ड्युसलडॉर्फचा ‘उरिगे’ १८६२ पासून आल्टबिअर करतो. तिथे निळ्या पोशाखातले वाढपी न मागता पुढचा ग्लास ठेवतात आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतात. बव्हेरियाच्या पूर्वेकडच्या ओबरफाल्त्समध्ये तर काही गावांची भट्टी सामाईक असते. घराघरांनी पाळीपाळीने आपली बिअर तिथे करायची आणि विकण्याची पाळी आली की दाराबाहेर सहा टोकांची चांदणी लटकवायची.

इंग्लंडमधला विरोध मात्र चिडीतून आला. १९६० च्या दशकात वॉटनीजच्या ‘रेड बॅरल’सारख्या पाश्चराइज केलेल्या, गॅस भरलेल्या केग बिअरचा सुळसुळाट झाला आणि १९७१ मध्ये चार इंग्रज मित्रांनी आयर्लंडमध्ये सुट्टीवर असताना ‘कॅम्रा’ ही चळवळ काढली. १९७९ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. मोठ्या ब्रूअरींत नोकरी केलेल्या या माणसाने लंडनच्या सदर्क भागातला एक बंद पडलेला पब घेतला, तळघरात छोटी भट्टी बसवली आणि नाव ठेवलं ‘गूज अँड फर्किन’. फर्किन म्हणजे नऊ गॅलनचं पीप. गणित सोपं होतं: बाटली नाही, वाहतूक नाही, मधला दलाल नाही, बिअर तळघरातून वर चढते एवढाच तिचा प्रवास. ‘डॉगबोल्टर’ नावाची दणकट एल प्यायला गर्दी लोटली, फर्किन नावाचे आणखी पब निघाले आणि १९८८ मध्ये ब्रूस यांनी अख्खी साखळी विकली. पुढे ती हात बदलत गेली. मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात गेल्यावर तळघरातल्या भट्ट्या बंद झाल्या.

ब्रूस यांना नव्या कायद्याची गरज पडली नाही. अमेरिकेत मात्र आधी कायदाच हलवावा लागला. १९२० ते १९३३ ही तेरा वर्षं तिथे देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा जुन्या ‘टाइड हाऊस’ सलूनच्या धसक्याने बहुतेक राज्यांनी धंद्याचे तीन मजले केले: उत्पादक, घाऊक विक्रेता, किरकोळ विक्रेता. एका मजल्यावरच्याने दुसऱ्यावर पाय ठेवायचा नाही. आपण केलेली बिअर आपल्याच गिऱ्हाइकाला पाजणारा माणूस या रचनेत बसत नव्हता. १९७० च्या दशकाअखेर एवढ्या मोठ्या देशात बिअर बनवणाऱ्या ब्रूअरी शंभराच्या आत उरल्या होत्या. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली आणि गॅरेजमध्ये चोरून बिअर करणारे उजेडात आले.

१९८२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी, जुन्या ऑपेरा हाऊसच्या इमारतीत बर्ट ग्रँट यांनी ब्रूअरी आणि पब एकत्र उघडले. दारूबंदीनंतरचा अमेरिकेतला पहिला ब्रूपब तो हाच. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, कॅनडात वाढलेले ग्रँट हॉप्सचे जाणकार होते आणि याकिमाचं खोरं म्हणजे अमेरिकेतल्या हॉप्सचं कोठार. लोकांची बिअर त्यांना बेचव लागली तर ग्लासात टाकायला ते हॉप्सच्या तेलाची कुपी खिशात बाळगत, असं सांगतात. त्याच सुमारास टॉम बेट्स या आमदाराच्या विधेयकाने कॅलिफोर्नियात ब्रूपबला वाट मिळाली. १९८३ मध्ये हॉपलंड इथे तिथला पहिला ब्रूपब निघाला आणि पाठोपाठ हेवर्डमध्ये ‘बफेलो बिल्स’. हा दुसरा काढणारे बिल ओवेन्स मूळचे नामांकित छायाचित्रकार. भोपळ्याची जुनी एल त्यांनीच परत आणली.

परवान्याचा एक आकडा काय करू शकतो, हे जपानमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९९४ पर्यंत तिथे बिअरचा परवाना हवा असेल तर वर्षाला किमान २० लाख लिटर बिअर करावी लागे. म्हणजे चार-पाच बड्या कंपन्यांखेरीज कोणी या वाटेला जाऊच नये. त्या वर्षी ही किमान मर्यादा ६० हजार लिटरवर आणली गेली आणि १९९५ मध्ये नीगाता प्रांतात ‘एचिगो’ हा पहिला ब्रूपब उभा राहिला.

भारतात मद्य हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे ब्रूपबची जन्मतारीखही राज्यागणिक वेगळी. देशातला पहिला म्हणून गुरुग्रामच्या ‘हाउझॅट’चं नाव घेतलं जातं, साल २००८. पाठोपाठ २००९ मध्ये पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबात ‘डूलाली’ सुरू झालं. तिथे बिअरची जबाबदारी होती ऑलिव्हर शौफ या जर्मन ब्रूमास्टरवर. ‘डूलाली’ हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने खितपत पडलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून सैनिकी इंग्रजीत देवळाली म्हणजे डोकं फिरणं. बंगळुरूत पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘टॉइट’, ‘बिअर क्लब’, ‘आर्बर’ निघाले आणि त्या शहराने पुण्याला मागे टाकलं.

महाराष्ट्राने ही परवानगी दिली यातली गंमत कागदावर पाहिली तरच कळते. इथे मद्यविक्रीचे सगळे परवाने ज्या कायद्याखाली निघतात, त्याचं नाव आहे दारूबंदी अधिनियम. मूळ मुंबई राज्याचा, १९४९ चा. ‘परमिट रूम’ हा शब्दही त्यानेच दिला आणि पिणाऱ्याने स्वतःचा परवाना जवळ ठेवावा हा नियम आजही पुस्तकात आहे. त्याच्या मागे आणखी एक कायदा आहे, १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. तोवर गावोगावचे कलाल मोहाची दारू गाळून तिथेच विकत. इंग्रज सरकारने गाळपाचं काम ठरावीक मोठ्या भट्ट्यांकडे नेलं, ताडीच्या झाडांवर कर बसवला आणि १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही बंधनं आणली. इंग्लंडमध्ये जे काम कारखानदारांच्या पैशाने केलं, ते इथे महसूल खात्याने केलं. गावात गाळणं बेकायदा ठरलं आणि त्याला नाव मिळालं हातभट्टी. मोहाच्या त्या भट्ट्यांना न मिळालेली मुभा सव्वाशे वर्षांनी जर्मन गव्हाच्या बिअरला मिळाली, हे ब्रूपबमध्ये बसून कोणी बोलत नाही.

ब्रूपबमधल्या टाक्यांत, काचेपलीकडे जे चालतं ते तसं साधं आहे. मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे माल्ट, भरडायचा. साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की धान्यातल्या पिठुळाची साखर होते. गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर तासभर उकळायचं, झटकन गार करायचं आणि यीस्ट घालून बंद टाकीत सोडून द्यायचं. उरलेला चोथा गुरांना जातो, कधी त्याच स्वयंपाकघरात पावात मळला जातो. एल २० अंशांच्या आसपास आठवड्याभरात आंबते. लागरला १० अंशांची थंडी आणि महिना-दीड महिना लागतो. चार-पाच टाक्यांच्या ब्रूपबला एक टाकी एवढे दिवस अडकवणं परवडत नाही. भारतीय ब्रूपबच्या फळ्यावर गव्हाच्या हेफेवायझनचा आणि बेल्जियन विटचा जो भरणा दिसतो, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण चव: हेफेवायझनच्या यीस्टमधून केळ्याचा आणि लवंगेचा वास उतरतो आणि कडवटपणा कमी असतो, त्यामुळे बाटलीतल्या बिअरवर वाढलेल्या जिभेला ती लगेच जमते. माल्टही बऱ्याच ठिकाणी जर्मनीतून किंवा बेल्जियममधून येतो. म्हणजे ‘इथेच बनलेली’ या शब्दांतला ‘इथेच’ थोडा सैल घ्यायला हवा.

जेवणाच्या बाबतीत भारतीय ब्रूपब अजून चाचपडतो आहे. उरिगेत आल्टबिअरसोबत डुकराच्या कच्च्या खिम्याचा पाव आणि उग्र चीज ठरलेलं. आपल्याकडे पिझ्झा, टिक्का, बटर-गार्लिक कोळंबी, नाचो, सगळं एका यादीत. चांगले प्रयोग ताटात नाही, ग्लासात झाले. टॉइटने बासमती तांदळाची ब्लाँड एल केली. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ घालून एल केली. मिठाची आंबट बिअर जर्मनीत गोझे या नावाने शतकानुशतकं होते, पण कोकणातल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता घराणं पुन्हा फुटतं आहे. महाराष्ट्रात छोट्या ब्रूअरीची बिअर केगमधून इतर बारना जाऊ शकते, त्यामुळे ‘गेटवे’ या ब्रूअरीने आपली भट्टी डोंबिवलीच्या एमआयडीसीत लावली, जिथे जागा मुंबईपेक्षा स्वस्त. डूलालीच्या मुंबईतल्या टॅपरूममध्ये खायला आहे, टेबलावर मांडायला बोर्डगेम आहेत, नळांची रांग आहे. बिअर मात्र बाहेरून बनून येते.